चाळीस सेआ पाणी

सोळाव्या शतकात गॅलिलीतल्या साफेद गावी योसेफ कारो यांनी ज्यू धर्मनियमांची संहिता लिहिली. तिच्यात बायकांच्या शुद्धिस्नानाविषयी दोन छोटे नियम आहेत. पाय घसरेल अशी धास्ती वाटावी अशा लाकडी फळीवर किंवा शिडीवर उभं राहून बुडी घेऊ नये, कारण घाबरलेली बाई पुरती बुडत नाही. आणि कुणी पाहील अशी शंका असेल तिथेही घेऊ नये, कारण त्या शंकेनं ती घाई करते आणि स्नान अपुरं राहतं.

बाईच्या भीतीची अशी दखल घेणारं बांधकामशास्त्र फार थोडं आहे. इथे ती दखल दयेपोटी घेतलेली नाही. भीती हे माप आहे. भिंतीची जाडी, पाण्याची खोली, तसंच आत उतरणाऱ्या बाईच्या मनातली धास्ती. ती धास्ती शून्यावर आणणं हा नकाशाचाच भाग ठरतो. ज्यू धर्मवास्तू उभारणाऱ्या स्त्री वास्तुविशारदांच्या कामाकडे पाहायचं तर मला हीच सुरुवात योग्य वाटते. घुमट आणि रंगीत काचा नंतर पाहू. आधी तळघरात उतरू.

या स्नानकुंडाला मिकवे म्हणतात. पाळीनंतर सात स्वच्छ दिवस मोजून, अंधार पडल्यावर, विवाहित बाई इथे येते. नवरी लग्नाआधी येते, धर्म स्वीकारणारी व्यक्ती येते. मराठी वाचकाला, विशेषतः वाचक बाईला, इथे ‘बाजूला बसणं’ आणि विटाळ आठवणारच. ते साम्य नाकारण्यात अर्थ नाही, आणि दोन्ही एकच आहे म्हणण्यातही नाही. नियम बरा की वाईट हा निवाडा वास्तुविशारदाच्या हाती नसतो. तिच्या हाती एवढंच असतं की तो नियम पाळणारी बाई कुठल्या दारानं येईल, कुणाच्या नजरेला पडेल आणि परत जाताना तिच्या ओल्या केसांना कुठे वारं लागेल.

धर्मशास्त्र सांगतं की नवी वस्ती वसली तर सिनेगॉगच्याही, म्हणजे प्रार्थनागृहाच्याही, आधी मिकवे बांधावं. त्यासाठी प्रार्थनागृह विकावं लागलं, अगदी तोरा, म्हणजे हातानं लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी, विकावी लागली, तरी चालेल. प्रत्यक्षात मात्र देणगीदारांच्या नावांच्या पाट्या सभागृहात लागतात, आणि मिकवेच्या वाट्याला तळघरात बॉयलरशेजारची उरलेली जागा येते. पैसे कमी पडले की पहिली कात्री तयारीच्या खोल्यांना लागते. शास्त्रातला हा अग्रक्रम बांधकाम समितीच्या पहिल्याच बैठकीत टेबलावर ठेवणं, हे या कामातलं पहिलं कसब.

आता पाण्याचं गणित. कुंडात किमान चाळीस सेआ पाणी हवं. सेआ हे जुनं ज्यू माप. हे घनफळ एक हात लांब, एक हात रुंद आणि तीन हात खोल असं सांगितलेलं आहे. पण हात केवढा? एका गणनेनुसार ४८ सेंटीमीटर, दुसऱ्या कडक गणनेनुसार ५८. पहिल्यानं ३३२ लिटर होतात, दुसऱ्यानं सुमारे ५८५. हातातला दहा सेंटीमीटरचा फरक घनफळात पावणेदोन पटींवर जातो. म्हणून शंका नको या विचारानं पावसाच्या पाण्याचं कुंड हजार लिटर किंवा त्याहून मोठं करतात.

पाणी कुठलं हा खरा प्रश्न. झऱ्याचं चालतं, समुद्राचं चालतं, पावसाचं चालतं. नळाचं चालत नाही, कारण ते कुठेतरी भांड्यात, टाकीत साठून आलेलं असतं. कुंडात चाळीस सेआ पूर्ण होण्याआधी असं ‘उपसलेलं’ पाणी तीन लोग एवढं जरी पडलं तरी सगळं बाद. तीन लोग म्हणजे, गणनेनुसार, साधारण एक ते १.८ लिटर. मोठा तांब्याभर. एकदा चाळीस सेआ भरले की मग वरून नळाचं कितीही पाणी आलं तरी ते शुद्धच धरतात. म्हणजे सगळी मेहनत त्या पहिल्या भरण्याची.

हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दहा चौरस मीटर छपरावर ६० मिलिमीटर पडला की ६०० लिटर. कोकणात जुलैतल्या एका झडीच्या दिवसाचं हे काम. कोरड्या देशात मात्र महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते, किंवा बर्फाच्या लाद्या आणून कुंडात वितळवाव्या लागतात. बर्फाला ती मुभा आहे.

छपरापासून कुंडापर्यंतच्या वाटेत पाणी कुठल्याही भांड्यात थांबता कामा नये. चूक नेमकी इथेच होते. पर्जन्यजल साठवणीची सवय असलेला प्लंबर पहिल्या पावसाचं मळकं पाणी बाजूला काढणारा डबा बसवतो, किंवा गाळणीचा ड्रम, किंवा मधे छोटी प्लास्टिकची टाकी. त्याच्या दृष्टीनं ते उत्तम काम असतं. रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, दृष्टीनं पाणी भांड्यात शिरलं, संपलं. पन्हळीखाली विसरलेल्या भांड्यांचा प्रश्न मिश्नेत, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात, चर्चिलेला आहे. आज त्या भांड्याच्या जागी रंगाचा रिकामा डबा असतो, एवढाच फरक. धातूच्या नळांबद्दलही आक्षेप असतो, म्हणून पीव्हीसी वापरतात, आणि पुष्कळदा शेवटचा टप्पा काँक्रीटच्या उघड्या पन्हळीतून काढतात. पावसाळ्याआधी छप्पर झाडून, धुऊन, सुकवून घ्यायचं. मधल्या काळात पाइपचं तोंड कुंडापासून वळवलेलं ठेवायचं. रब्बींनी पाहून होकार दिला की मगच ते कुंडाकडे फिरवायचं.

कुंड गळता कामा नये. साध्या हौदाला थोडी झिरप चालून जाते. इथे गळती म्हणजे पाणी ‘वाहतं’ झालं, आणि वाहत्या पावसाच्या पाण्यात घेतलेली बुडी धरत नाहीत. म्हणून तळ आणि भिंती एकाच ओतीत घेण्याचा आग्रह असतो. तळ आज आणि भिंती परवा असं केलं की दोन्हींच्या सांध्यातून पाणी वाट काढतं. सेंटरिंगच्या फळ्या बांधायला भिंतीतून आरपार सळई किंवा तार घातली तर ती पुढे गळतीची नळी होते. ती पद्धत आधीच लेखी नाकारावी लागते. सळईभोवती ४० ते ५० मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर, कोपऱ्यांत व्हायब्रेटर नीट फिरलेला, अठ्ठावीस दिवस क्युरिंग. तळाला निचऱ्याचं भोक ठेवत नाहीत, पाणी पंपानं वरून उपसतात. कारण झडप कितीही चांगली असली तरी कधीतरी झिरपतेच.

मग चाचणी. कुंड नळाच्या पाण्यानं भरायचं, पातळीची खूण करायची. शेजारी पाण्याची बादली ठेवून तिचीही पातळी टिपायची, म्हणजे बाष्पीभवन किती आणि गळती किती हे वेगळं कळतं. चाचणी पार पडली की खरा धोका पुढे असतो: ते पाणी पूर्ण काढलं पाहिजे. पंप शेवटचे दोन सेंटीमीटर ओढत नाही. कोपऱ्यात राहिलेले दोन लिटर म्हणजे तीन लोगांपेक्षा जास्त. म्हणून स्पंजनं टिपून, फडक्यानं पुसून, तळ कोरडाठाक करूनच पावसाला आत घ्यायचं.

बाया ज्या कुंडात उतरतात ते सहसा हे पावसाचं कुंड नसतं. ते शेजारचं असतं, आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीला एक भोक असतं. बुधल्याच्या तोंडाएवढं, दोन बोटं आत फिरतील असं. साधारण पाच सेंटीमीटर. या भोकातून पाणी पाण्याला टेकलं की नळाचं पाणीही पावसाचं होतं. दुसऱ्या पद्धतीत नळाचं पाणी आधी पावसाच्या कुंडात सोडतात आणि तिथून ओसंडून ते स्नानाच्या कुंडात येतं. हबाद या ज्यू पंथाच्या लोकांमध्ये पावसाचं कुंड शेजारी न ठेवता पायाखाली घेतात. पद्धत कुठलीही असो, उंचीचं गणित चुकवून चालत नाही. पाण्याची पातळी भोकाच्या खाली गेली तर जोड तुटतो. म्हणून आधी भोकाची उंची, मग पायऱ्या आणि टाइल्स. टाइल्सवाल्यानं ते भोक नको असलेलं समजून सिमेंटनं बुजवून टाकणं ही सर्वांत महागडी चूक.

इथपर्यंतचं काम कुणीही नीट वाचणारा माणूस करू शकतो. यापुढचं काम करताना स्वतःच्या शरीराची आठवण कामी येते. पाणी छातीपर्यंत, नाभीच्या वीतभर वर यावं म्हणजे गुडघे जरा वाकवले की डोकं सहज बुडतं. साधारण १२० सेंटीमीटर. पण बाई १४५ सेंटीमीटर उंचीची असेल तर? तिच्यासाठी शेवटून दुसरी पायरी पुरेशी रुंद, उभं राहून स्नान होईल एवढी ऐसपैस करायची. पायऱ्या सात असण्याची रीत आहे. १७ सेंटीमीटरच्या सात पायऱ्या म्हणजे ११९. रीत आणि खोली एकमेकींना चपखल बसतात. कडांना वेगळ्या रंगाची पट्टी हवी, कारण चष्मा वर काढून ठेवलेला असतो.

शरीर आणि पाणी यांच्यामध्ये काही राहता कामा नये, ना नखातला मळ, ना काजळ, ना बँडेज. त्यामुळे तयारीच्या खोलीत टब, शॉवर, चांगला उजेड, पूर्ण उंचीचा आरसा, बसायला जागा, कपडे अडकवायला खुंट्या आणि अंगठी ठेवायला छोटी वाटी हे सगळं लागतं. एकेका बाईला पाऊण तास, तास लागतो, आणि बुडी मात्र दोन मिनिटांची. म्हणजे तीन-चार तयारीच्या खोल्यांना एक कुंड सहज पुरतं. कुंडं वाढवण्यापेक्षा खोल्या वाढवाव्यात. प्रत्येक खोलीला दोन दारं: एक बोळात उघडणारं, एक थेट कुंडाकडे. येण्याची वाट आणि जाण्याची वाट वेगळी, कारण आज कोण आली हे कुणाला कळू नये. रस्त्यावरून दार दिसू नये, पण दाराशी अंधारही असू नये. रात्री एकट्या बाईला आडोसा हवा असतो आणि आडोशाचीच भीतीही वाटते. या दोहोंमधला तोल नकाशात दिव्यांच्या जागांनी, भिंतीच्या उंचीनं आणि वळणाच्या कोनानं साधतो.

शुक्रवारची रात्र वेगळी. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या विसाव्याच्या दिवशी, विजेचं बटण दाबत नाहीत. दिवे, गरम पाणी, पंखे टायमरवर. हालचालीनं लागणारे दिवे आणि आपोआप उघडणारी दारं त्या रात्री बंद ठेवण्याची सोय हवी, नाहीतर उंबऱ्यात पाय टाकताच नियम मोडतो. पाणी गाळणारा पंप बुडीच्या वेळी बंद असावा असं बहुतेक रब्बी सांगतात. पाणी ओढलं जात असेल तर ते स्थिर राहत नाही. आणि कोमट पाण्याची वाफ. तिचा विचार केला नाही तर वर्षभरात छताला बुरशी येते, दारं फुगतात. मग क्लोरीनचा वास आणि ओल मिळून त्या जागेला सार्वजनिक मोरीची कळा येते. हवा बाहेर ओढणारी यंत्रणा आधी ठरवायची. संगमरवर मग परवडला तर.

वर सभागृहात आलं की प्रश्न नजरेचा होतो. सनातनी सिनेगॉगमध्ये बायका वेगळ्या बसतात, वरच्या सज्जात किंवा मेहित्सा नावाच्या आडभिंतीपलीकडे. आपल्याकडच्या जुन्या सिनेगॉगांतही बायकांसाठी वरचा सज्जा आढळतो. सज्जाचा कठडा सुरक्षेसाठी ११० सेंटीमीटर लागतो. बसलेल्या बाईचे डोळे जमिनीपासून साधारण ११५ सेंटीमीटरवर असतात. कठडा तिच्यापासून ७५ सेंटीमीटरवर आहे असं धरा. म्हणजे कठड्याच्या माथ्यावरून तिला जवळजवळ आडवंच दिसतं: समोरची भिंत, झुंबर, छत. सज्जा साडेतीन मीटरवर, सहा मीटर पुढे चौथऱ्यावर तोरा वाचली जातेय. ती पाहायची तर तिची नजर कठड्याच्या माथ्यापेक्षा ३५ सेंटीमीटर खालून गेली पाहिजे. भरीव कठडा असेल तर ती बाई आयुष्यभर फक्त ऐकते.

उपाय अवघड नाही. खालचे ६५ सेंटीमीटर भरीव ठेवायचे, म्हणजे खालून वर पाहणाऱ्याला पाय दिसत नाहीत, आणि त्याच्या वर सडपातळ गज किंवा जाळी. काच लावण्याचा मोह टाळावा. शब्बाथला माइक नसतो. काचेमागे दिसतं पण वाचणाऱ्याचा आवाज अडतो. खालच्या मजल्यावर आडभिंत असेल तर विसाव्या शतकातले मोठे निर्णयकर्ते रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी अठरा मुठींची, म्हणजे साधारण दीड मीटर, उंची सांगितली. किती आरपार चालेल यावर मतभेद आहेत. पण ती भिंत आडवी टाकून बायकांना मागे ढकलायचं की उभी टाकून दोघांनाही तोराच्या कपाटापासून सारख्याच अंतरावर बसवायचं, हे ठरवायला पुष्कळदा मोकळीक असते. उभीच टाकावी. त्यासाठी भांडावं लागलं तर भांडावं.

जिथे बायकाही तोरा वाचतात तिथे प्रश्न बदलतात. चौथऱ्यावरचं मेज १०५ सेंटीमीटरचं असतं, उभ्या पुरुषाच्या मापाचं. बारा-तेरा वर्षांची मुलगी आपल्या बात मित्स्वाला, म्हणजे धर्मदृष्ट्या वयात आल्याच्या विधीला, पहिल्यांदा वाचायला उभी राहते तेव्हा सभागृहाला तिचं कपाळ दिसतं. मेज खाली-वर होणारं हवं, किंवा त्याच्या पोटात सरकवून ठेवलेली पायरी हवी. चौथरा तीन पायऱ्यांचा, ४५ सेंटीमीटर उंच असेल तर चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा उताराचा ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो आणि तो अर्धं सभागृह खातो. दोन पायऱ्यांवर भागवलं तर ३.६ मीटर, तो चौथऱ्याला वळसा घालून सहज बसतो.

दिशेचा प्रश्न सगळ्यांना सारखा, आणि त्याचं सर्वांत देखणं उत्तर जर्मनीत स्त्रियांच्या हातून आलेलं आहे. प्रार्थनेचं तोंड जेरुसलेमकडे हवं आणि प्लॉट मात्र रस्त्याला समांतर. ड्रेस्डेनमध्ये एल्ब नदीकाठचा अरुंद तुकडा मिळाला होता. रेना वांडेल-होफर आणि आंद्रेआ वांडेल या भागीदार असलेल्या कार्यालयानं तिथे काँक्रीटच्या ठोकळ्यांचे ३४ थर रचले, प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित वळवलेला. तळाशी इमारत प्लॉटच्या रेषेत आहे, माथ्याशी पूर्वेकडे वळलेली. ९ नोव्हेंबर २००१ रोजी ती खुली झाली, वास्तुविशारद गॉटफ्रीड झेम्परनं बांधलेलं जुनं सिनेगॉग नाझींनी जाळलं त्याला त्या दिवशी ६३ वर्षं झाली होती. उल्म शहरात झुसान ग्रोस यांनी २०१२मध्ये वेगळी वाट धरली: इमारत चौकाच्या रेषेत सरळ ठेवली, आणि आत प्रार्थनागृह कर्णावर फिरवलं. तोराचं कपाट कोपऱ्यात आलं. तो कोपरा बारीक भोकांच्या नक्षीनं उजळलेला असतो आणि जेरुसलेमची दिशा दाखवतो. खोलीच्या भिंतीला पाठ लावण्याऐवजी कोपऱ्याला मान देणं ही साधी गोष्ट वाटते. त्यासाठी छताचे सगळे भार वेगळ्या वाटेनं उतरवावे लागतात.

कॅरोल रॉस बार्नी यांच्या कार्यालयाचं शिकागोजवळच्या एव्हन्स्टनमधलं सिनेगॉग २००८चं. तिथे जुनी इमारत पाडली तेव्हा निघालेला राडारोडा तारेच्या जाळ्यांत भरून त्याच्या भिंती केल्या, आणि प्रार्थनागृह सर्वांत वरच्या मजल्यावर, झाडांच्या शेंड्यांच्या पातळीला नेलं.

मुंबईतून जेरुसलेम पश्चिमेला, त्यामुळे इथलं हेखाल, म्हणजे तोराचं कपाट, पश्चिमेकडे. मराठीनं या वास्तूंना आपलीच नावं दिली: पुण्यात लाल देऊळ, बेने इस्रायलांच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, तोंडी मशीद. काळा घोड्याजवळचं १८८४चं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग २०१९मध्ये आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्त होऊन पुन्हा उभं राहिलं आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याला स्थान मिळालं. नवं बांधण्याइतकंच हे काम अवघड, कारण मुंबईचा पाऊस इथे शत्रू असतो. छपरातून आलेलं पाणी लाकडात शिरतं, लाकडातून खांबावर उतरतं, आणि दमट हवेत कातड्यावर लिहिलेल्या तोराची शाई सुटते. एकही अक्षर तुटलं तर ती तोरा दुरुस्त होईपर्यंत वाचता येत नाही. म्हणून रंग नंतर, आधी पन्हळी आणि कौलं.

कामाचं वेळापत्रकही धर्मच ठरवतो. सिनेगॉगच्या बांधकामावर शनिवारी काम होत नाही, मग गवंडी कुठल्याही धर्माचा असो. तिश्री महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, सणांमागून सण येतात आणि समितीतला कुणीही सही करायला भेटत नाही. काँक्रीटची तारीख त्या आठवड्यांत पडू द्यायची नाही. कुंडाच्या ओतीआधी रब्बींची पाहणी, पन्हळ जोडताना पाहणी, पाणी भरल्यावर पाहणी. या तीन भेटी कंत्राटात लिहून ठेवायच्या, नाहीतर टाइल्स लागल्यावर फोडायची वेळ येते.

आणि सगळ्यात शेवटी कुंडाचा कठडा. पायऱ्यांच्या बाजूनं ९० सेंटीमीटर उंचीवर तो पाण्यात उतरतो आणि तळापर्यंत जातो. बुडीच्या क्षणी मात्र हात मोकळे हवेत. गजाला घट्ट धरलेल्या मुठीत पाणी शिरत नाही. म्हणून जिथे ती उभी राहते त्या जागेपासून कठडा साधारण ६० सेंटीमीटरवर ठेवायचा. हात लांब केला की लागेल, एरवी नाही.